खोकल्याचे दिवस मोज

चि. मीनल,

तुझा निरोप पहाटे साडेतीनला आलेला दिसला, तेव्हाच रात्र कशी गेली ते कळलं. विहान झोपला की तासाभरात ढास लागते, खोकून खोकून उलटी होते, मग तो गाढ झोपतो आणि तू छताकडे बघत बसतेस. सकाळी पोरगं टुणटुणीत, डॉक्टरांसमोर एकदाही खोकत नाही. सासूबाई काढा सुचवतात, जावईबापू सिरप बदलू म्हणतात, शेजारीण 'बालदमा' म्हणून मोकळी होते. फोनवर पुष्कळ सांगता आलं असतं, पण फोनवर ऐकलेलं रात्री तीनला आठवत नाही. कागद फ्रिजवर लावता येतो, म्हणून पत्र.

खोकला बंद पाडणं हे तुझं काम नाही. तो किती दिवस चाललाय आणि कसला आहे, एवढं नीट सांगता येणं हे तुझं काम. मुलांच्या वॉर्डात नोकरी केली तेव्हा 'खूप दिवस झाले, सिस्टर' हे वाक्य रोज कानावर यायचं. खूप म्हणजे किती, असं विचारलं की आई गप्प. कुणाचे खूप म्हणजे चार दिवस, कुणाचे चार महिने. डॉक्टर काय तपासणार आणि काय सोडून देणार, ते पुष्कळदा याच उत्तरावर ठरतं.

साधी सर्दी झाली तरी मुलाचा खोकला सात दिवसांत जात नाही. दहाव्या दिवसापर्यंत जेमतेम अर्धी मुलं बरी होतात, आणि दहातली नऊ बरी व्हायला पंचवीस दिवस लागतात. विहान यंदा बालवाडीत जायला लागलाय. या वयाच्या मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होतात, बालवाडीच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्त. एक संपते न संपते तोच दुसरी येते आणि आईला वाटतं, जूनपासून खोकला थांबलेलाच नाही. म्हणून एक वही कर. तारीख, खोकला किती वाजता आला, कोरडा की कफाचा, ताप होता का, मधे चार-पाच रात्री सुटीच्या गेल्या का. मधे सुटी मिळत असेल तर त्या वेगवेगळ्या सर्द्या. सुटीच नसेल आणि चार आठवडे उलटले असतील, तर तो रेंगाळलेला खोकला. त्याचं कारण शोधायलाच हवं. आणि डॉक्टरांसमोर खोकत नाही ना? मग रात्री मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड कर, शर्ट वर करून छाती दिसेल असा व्हिडिओही घे. तुझ्या दहा वाक्यांपेक्षा तो उपयोगी पडेल.

रात्रीच का, हे विचारलंयस. आडवं झालं की नाकातला शेंबूड मागच्या बाजूने घशात उतरतो आणि घसा खवखवतो. श्वासनळ्याही पहाटेच्या सुमारास थोड्या आकसतात, म्हणून दम्याच्या प्रवृत्तीच्या मुलांचा खोकला नेमका तीन-चारला उसळतो. झोपताना दुधाची बाटली तोंडात असेल तर पोटातलं वर येतं, ते वेगळंच. ती बाटली आजपासून बंद कर. दूध झोपायच्या तासभर आधी, कपाने. कफ गिळला जातो, पोटात साठतो आणि उलटीवाटे पडतो; त्या उलटीने घाबरू नकोस. मात्र एका दमात खोकून खोकून तोंड लाल होतंय, शेवटी श्वास आत ओढताना 'हूप' असा आवाज येतोय आणि मग उलटी होतेय, असं असेल तर डांग्या खोकल्याचा विचार करावा लागतो. लसीचं कार्ड काढून बघ. दीड-दोन वर्षांच्या वेळचा डीपीटीचा बूस्टर राहून गेलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता घरातली हवा. तुमच्या खिडकीखालून गोदीचे ट्रक जातात, पलीकडे शिवडी-वरळी जोडरस्त्याचं काम, लालबाग-काळाचौकीत जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. ही धूळ तू थांबवू शकत नाहीस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री-पहाटे हवा खाली बसलेली असते, तेवढ्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून घे, दुपारी उघड. केरसुणीऐवजी ओलं फडकं, एवढंच जमेल. पण घरातला धूर आपणच करतो. मच्छर अगरबत्तीच्या एका कॉइलमधून सूक्ष्म धुराचे कण 75 ते 137 सिगारेटींइतके निघतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत, बंद खिडक्यांत, मुलाच्या उशाशी आपण ती रात्रभर जाळतो! मच्छरदाणी बांध. संध्याकाळची उदबत्ती देवाला आवडत असेल, विहानच्या छातीला नाही. निरांजन लावा, देव रागावणार नाही. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, माझं नाव सांग. धूप-ओव्याची धुरीही बंद. जावईबापू गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतात हे मला ठाऊक आहे. धूर शर्टाला चिकटून घरात येतो. निदान मुलाला उचलण्याआधी शर्ट बदला म्हणावं, आणि खरं तर सोडाच म्हणावं. वर्षाचा मसाला घरात भाजू नका. लालबागच्या मिरची गल्लीत भाजून-कांडून मिळतो, तिथूनच आणा, आणि आणायला जाताना विहानला बरोबर नेऊ नका.

आपल्या या पट्ट्याला खोकल्याची फार सवय आहे, हीही एक अडचण. तुमच्या स्टेशनाजवळची ती हिरवी इमारत म्हणजे कापूस बाजार, 1920च्या दशकात तो कुलाब्याहून इथे आला. तिथे सौदे व्हायचे आणि गिरण्यांत त्याच कापसाची तूस माणसांच्या छातीत जायची. कार्डिंगमध्ये काम करणाऱ्यांना आठवड्याच्या सुटीनंतर पहिल्या पाळीला छाती भरून यायची, पुढे खोकला कायमचा. बिसिनोसिस असं त्या आजाराचं नाव. चाळीत भिंतीपलीकडे कुणीतरी रात्रभर खोकतंय, हे ऐकतच आमची पिढी झोपली. त्यामुळे 'आजोबा पण असेच खोकायचे, त्यात काय' असं सहज म्हटलं जातं. आजोबा खोकायचे म्हणून नातवाने खोकावं असा नियम नाही. घाबरून चार दिवसांत चार औषधं बदलणं जेवढं वाईट, तेवढंच चार महिने अंगवळणी पाडून घेणंही.

सिरपच्या बाटलीबद्दल मात्र मी कडकच बोलणार. 2025च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी तू वाचली असशील. कोल्ड्रिफ नावाच्या कफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा 0.1 टक्क्याची, सापडलं 48.6 टक्के. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं गेली, कितीतरी जणांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. वीसहून अधिक मुलं दगावली. हे मुंबईलाही नवीन नाही. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये हेच विष होतं, 14 रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. त्या काळी नर्सेस बाटल्यांवरचे बॅच नंबर दोन-दोनदा वाचायच्या. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या राज्यांना कळवलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. विहान तीन वर्षांचा. आणि भेसळ नसली तरी काय? या वयात ही सिरपं खोकला फारसा कमी करत नाहीत, मूल पेंगतं एवढंच. पेंगलेलं मूल पाहून आपल्याला बरं वाटतं, त्याला नाही. केमिस्टकडे जाऊन 'खोकल्याचं काहीतरी द्या' म्हणायचं नाही. जावईबापूंचं सिरप अर्ध्या झाकणाने तर नाहीच नाही.

मग द्यायचं काय? झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा मध. हे आजीबाईंचं म्हणून सांगत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत रात्रीच्या खोकल्यावर मध आणि सिरपातलं नेहमीचं औषध यांची तुलना करून पाहिली, मध दिलेली मुलं आणि त्यांच्या आयाही बऱ्या झोपल्या. फक्त धाकट्या जावेच्या बाळाला चुकूनही चाटवू नका. वर्षाच्या आत मध म्हणजे बॉट्युलिझमचा धोका, जिभेला बोट लावायचं निमित्तसुद्धा नको. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते झोपताना दोन-दोन, मग नाक पुसायचं. डोक्याखाली एक उशी जास्त. कोमट पाणी, पातळ पेज, जे मागेल ते. आल्याचा रस मधातून थोडा दिला तर हरकत नाही, पण काढ्यात मिरी-दालचिनी-सुंठ सगळं एकदम घालून उकळून पाजू नका, मुलाचं पोट जळतं. उकळत्या पातेल्याची वाफ नकोच. एका खोलीच्या घरात मुलांनी वाफेपेक्षा चटके जास्त खाल्लेले पाहिलेत. छातीला कापूर चोळणं, कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं, हेही नको. कापूर मुलाने तोंडात घातला तर झटके येतात.

आता हा परिच्छेद लाल पेनने अधोरेखित कर. विहान झोपलेला असताना दिवा लाव, शर्ट वर कर आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोटाचे चढ-उतार मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, मुलांचा श्वास अनियमित असतो. त्याच्या वयाला मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद; जावेच्या बाळाला, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत, 50 किंवा जास्त. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलताहेत, ओठ निळसर, पाणीसुद्धा पीत नाही, उठवून उठत नाही, किंवा स्वस्थ असतानाही श्वासाबरोबर घशातून कर्कश आवाज येतोय, यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. टॅक्सी करायची आणि परळला वाडिया गाठायचं. 1929 पासून ते लहान मुलांचंच रुग्णालय आहे. आणखी एक प्रश्न स्वतःलाच विचार: खोकला एखाद्या दिवशी खाता-खाता अचानक सुरू झाला का? गणपतीत चिवडा गल्लीतून आणलेल्या चिवड्यातला शेंगदाणा श्वासनळीत अडकतो, मूल जरा वेळ गुदमरतं, मग बरं वाटतं आणि खोकला मागे उरतो. एक्स-रेत कधी काहीच दिसत नाही. असं झालं असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांग, ते विचारतीलच असं नाही. आणि चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे बंद.

शेजारणीच्या 'बालदम्या'ने तू रडलीस, म्हणून त्यावर दोन शब्द. कोरडा खोकला पहाटे येणं, हसलं-धावलं की येणं, छातीत सूं-सूं, घरात कुणाला दमा किंवा एक्झिमा (तुलाच लहानपणी कोपराच्या खळगीत होता, विसरलीस?) हे जुळलं तर डॉक्टर काही आठवडे इन्हेलर देऊन पाहतील. सवय लागते, व्यसन लागतं, शेवटचं औषध असतं, या सगळ्या बाजारगप्पा. पोटातून जाणाऱ्या औषधापेक्षा ते कितीतरी कमी मात्रेत थेट नळ्यांत पोहोचतं. लहान मुलाला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावूनच द्यायचं. पंप हलवायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट, एक पफ, मग शांतपणे पाच-सहा श्वास. दुसरा पफ हवा असेल तर पुन्हा पंप हलवून. नंतर चेहरा पुसायचा आणि तोंड धुऊन पाणी पाजायचं. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, पुसायचा नाही. मूल रडत असताना दिलेलं औषध बरंचसं बाहेरच राहतं, म्हणून आधी मास्क बाहुल्याला लावून खेळा. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आणि एक नाव या भागात कुजबुजत घेतात, ते मी मोठ्याने घेते: टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, वजन न वाढणं, खेळायला नको म्हणणं, किंवा घरात-शेजारी कुणाला टीबी असणं, यातलं काही असेल तर लपवायचं नाही. लहान मुलं बेडका काढत नाहीत, म्हणून तपासणी मोठ्यांसारखी होत नाही. सकाळी उपाशीपोटी पोटातला नमुना घेऊन ती करता येते. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आणि पुरी घेतली तर मुलं बरी होतात. शिवडीचं टीबी रुग्णालय इतकं जवळ असून त्याच्या नावालाच लोक घाबरतात, हे मला आयुष्यभर खटकलं.

विहानचं वजन, तू पाठवलेल्या फोटोंवरून तरी, नीट वाटतंय. म्हणून आज मला काळजी नाही. आज दिवस कितवा आहे ते आधी वहीत लिही. ती वही, लसीचं कार्ड आणि मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन, एकविसाव्या दिवशीही खोकला तसाच असेल तर वाट न पाहता मुलांच्या डॉक्टरांना दाखव. प्रत्येक वेळी नवा डॉक्टर करू नकोस, एकालाच धरून राहा. रात्री तू आणि जावईबापू पाळ्या लावा. दोघांनी जागून खोकला निम्मा होत नाही.

सासूबाईंना नमस्कार. आणि फ्रिजच्या दारात गेल्या पावसाळ्यापासून उघडी पडलेली ती लाल बाटली आजच टाकून दे.

तुझी,
मावशी