लेकीला आधी हाक मारू या
१८ वर्षे वाकून चालणाऱ्या स्त्रीला येशूने पाहिले, हाक मारली, तिच्याशी बोलला. हात नंतर ठेवला (लूक १३:१०-१७). लेकीला स्कोलिओसिस झाला की आपण आईवडील मात्र तिच्यामागेच कुजबुजतो. ब्रेस की ऑपरेशन? वाढत्या वयात कण्याची वक्रता २५ ते ४० अंश असेल तर डॉक्टर सहसा ब्रेस सुचवतात. ५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत मणके सळ्या-स्क्रूंनी जोडतात; तेवढा भाग पुन्हा वाकत नाही. ब्रेस जितके तास अधिक, तितका उपयोग अधिक, असे २०१३ च्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात दिसले. पण ते तास, उकाड्यात, वर्गात, तिलाच काढायचे आहेत! नोव्हेना जरूर करू. दप्तराला किंवा कुणाच्या पापाला दोष नको. बहुतेकदा कारण सापडतच नाही. आज रात्री रोझरीनंतर तिलाच विचारू या: बाळ, तुला कशाची भीती वाटते?