इशायाचा निरोप

शास्त्रपाठ : १ शमुवेल १७ : १२–२३



गल्याथाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत ऐकली आणि पुढे मुलांना शिकविली. पण गोफणगोट्याच्या घाईत एक म्हातारा बाप आपल्या नजरेतून सुटतो. इशायाचे तीन वडील मुलगे, अलीयाब, अबीनादाब व शम्मा, शौलाबरोबर लढाईस गेले होते. चाळीस दिवस तो पलिष्टी सकाळ-संध्याकाळ पुढे येऊन ललकारीत होता. ते दिवस बेथलेहेमातल्या त्या घराने कसे काढले असतील?

ज्या घरचा मुलगा फौजेत आहे त्या घरास हे समजावून सांगावे लागत नाही. सातपुड्यातले तुकईथड असो की पुणे, सीमेवरच्या मुलाचा पत्ता म्हणजे ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ. तो कोणत्या गावी आहे हे त्यावरून कळत नाही. दोन दिवस फोन लागला नाही की आईच्या घशाखाली घास उतरत नाही. सुनेला झोप येत नाही, आणि छातीतली धडधड ती कोणास सांगत नाही. सांगावी तर मंडळीतले कोणीतरी फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढून, चिंता करू नका म्हणून बजावते. वचन खरेच आहे. पण ते लिहिणारा पौलच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (११ : २८) सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज असते. त्याला अविश्वासू कोण म्हणेल? वचनाचा धोंडा करून दुखणाऱ्या उरावर ठेवणे हे मला तरी ख्रिस्ताचे काम वाटत नाही.

इशायाने काय केले? भाजलेले धान्य, दहा भाकरी आणि सरदारासाठी पनीर देऊन त्याने दाविदाला पाठविले : भाऊ बरे आहेत का पाहा, आणि काही खूण घेऊन ये. काळजी त्याने लपविली नाही. तिच्यासाठी माणूस धाडला.

मंडळीनेही अशा घरी माणूस धाडावा. त्याने बसावे, ऐकावे, झोप लागते का विचारावे. आठवडेच्या आठवडे झोप नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. तुकईथडवरून जाणारी मीटरगेज गाडी २०१७ साली बंद झाली, आणि मनाचा डॉक्टर अशा गावी कुठला? पण फोन आहे. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर पैसे न देता, रात्री-अपरात्रीही बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. रविवारच्या सूचनांत हा क्रमांक वाचल्याने उपासनेस काही उणेपणा येत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना बाविसावे वचन जरूर वाचून दाखवावे. दाविदाने सामान रखवालदाराजवळ ठेविले, धावत सैन्यात गेला आणि आधी भावांची खुशाली विचारली. गल्याथ पुढे आला तो त्यानंतर.