कोरा तागा आणि काठावरचं वाक्य

थोडा वेळ बसा. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. भिवंडीत असाल तर मागांची खटखट कानावर पडतेच आहे; ती बंद व्हावी म्हणून धडपडू नका. त्या गलक्यातून एकच माग निवडा. धोटा जातो, धोटा येतो, फणी बाणा ठोकून बसवते. मागाची लगबग कितीही दिसली तरी कापड बोटाबोटानंच वाढतं. आपणही तेवढंच सरकू.

आता उतरवलेल्या ताग्यावर मनानं हात ठेवा. ग्रे कापड. खळीमुळे जरासं ताठ, मळकट पांढरं, मध्येच एखादी गाठ बोटाला लागते. नक्षी नाही, रंग नाही, विणणाऱ्याचं नाव तर नाहीच. भिवंडीहून असे तागे ट्रकमध्ये चढतात आणि बालोत्रा, पाली, जेतपूर अशा रंगाई-छपाईच्या गावांना जातात. जेतपूरला पूर्व आफ्रिकेतल्या बायकांसाठी ‘कांगा’ नावाचं वस्त्र छापतात. तुमच्या हाताखालचा तागा तिथेच जाईल असं नाही. जाऊ शकतो, एवढं मनाला पुरे.

त्या वाटेनं चला. वाट नवी नाही. खाडीपलीकडचं कल्याण आणि बहुधा टांझानियाच्या किनाऱ्यावरचं ऱ्हाप्ता, दोन्ही बंदरांची नावं पहिल्या शतकातल्या एकाच ग्रीक प्रवासपुस्तकात आहेत. हिवाळी वाऱ्यावर गलबतं तिकडे जायची, वारा फिरला की परतायची. मधले महिने थांबण्यात जायचे. त्या थांबण्याचा विचार क्षणभर करा. पलीकडे लग्नं झाली, दुकानं थाटली गेली, भाषा एकमेकींत मिसळल्या.

एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतान सय्यद सईदनं आपला दरबार त्याच किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर हलवला. लवंगांचे मळे उभे राहिले आणि ते राबवायला आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसं पकडून आणली गेली. त्यांच्या अंगावर काय होतं? कोरं कापड. अमेरिकेतून यायचं म्हणून त्याला ‘मेरिकानी’ म्हणत. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तो पुरवठा आटला, आणि पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांच्या मालानं त्या बाजारात जागा धरली. म्हणजे गुलामाच्या अंगावरचं कापड आपल्याकडूनही गेलं. इथे थांबा. या वाक्यावरून घसरून पुढे जाऊ नका. विकणाऱ्याच्या वहीत फक्त तागे आणि रक्कम लिहिलेली असणार.

झांजिबारचा गुलामबाजार 1873 मध्ये बंद झाला. गुलामी कायद्यानं संपायला 1897 उजाडलं. त्याच सुमाराला तिथल्या बायकांच्या अंगावर छापील, रंगीत कांगा दिसू लागला. मोकळ्या झालेल्या बाईनं पहिल्यांदा कोरं कापड टाकलं आणि नक्षी निवडली. मला त्या काळातल्या सगळ्या राजकारणापेक्षा ही निवड मोठी वाटते.

कांगा जवळून पाहा. जोडीनं विकतात: एक कमरेला, दुसरा खांद्यावर किंवा डोक्यावरून. प्रत्येक दीड मीटर लांब, मीटरभराहून थोडा रुंद. चारी बाजूंनी काठ, मध्ये मोठी नक्षी. आणि खालच्या काठाच्या वर, मधोमध, स्वाहिलीत एक वाक्य. जोडी एकसलग येते. घरी नेऊन कापायची, कडा दुमडून शिवायच्या. लग्नात कांगा देतात, बाळाला त्यात गुंडाळतात. वाक्य कधी आशीर्वादाचं असतं, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. ‘हराका हराका हैना बराका’: घाईघाईच्या कामाला बरकत नाही. सासूच्या तोंडावर बोलता येत नाही ते आपल्याकडे बाईनं जात्यावरच्या ओवीत घातलं. तिथली बाई तेच वाक्य नेसून अंगणात उभी राहते. भांडण तर झालेलं नसतं, पण निरोप पोचलेला असतो.

टांझानिया देशाची पुढची गोष्ट भराभर सांगण्यासारखी आहे. मुख्य भूमीवरचा टांगानिका 1961 मध्ये स्वतंत्र झाला, 1964 मध्ये झांजिबारला जोडून टांझानिया बनला. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानं समाजवादाची वाट धरली. दारेसलाममध्ये चिनी मदतीनं उराफिकी ही कापडगिरणी उभी राहिली. नावाचा अर्थ मैत्री. नंतर बाजार खुला झाला, परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले आणि गिरण्या खंगल्या. ही कहाणी गिरणगाव पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता मन व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला न्या. तिथे कापूस पिकतो. सरकी काढून त्यातली बरीचशी रुई देशाबाहेर जाते आणि कापड होऊन बाहेरून परत येते. ज्याच्या शेतात बोंड फुटलं त्यानं सर्वात आधी आणि सर्वात स्वस्त विकलं. भिवंडीचा मागवालाही कोराच विकतो. रंग आणि भाव पुढच्या गावात चढतात. दोघांची ओळख होण्याचं कारण नाही. मनात मात्र दोघांना एका बाकावर बसवा, काही बोलायला लावू नका.

आता शेवटचं. माग चालवणाऱ्या माणसाकडे पाहा, कानात कापसाचा बोळा असलेला, रात्रपाळीचा. आपल्या ताग्याच्या काठावर काय लिहावं, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारा. तो हसेल, मग मालकाला ऐकवायचं काहीतरी त्याला नक्की सुचेल. नंतर तोच प्रश्न स्वतःला. सुविचार नको, ते कॅलेंडरवर पुष्कळ आहेत. ज्याला तोंडावर सांगता आलं नाही असं कुणीतरी असेलच. त्या माणसाला समोर येऊ द्या, आणि एका काठात मावेल एवढंच लिहा.