मोर्चाला कोण निघतो, कोण थांबतो

एखाद्या मागणीला मनातून पाठिंबा देणारी माणसे आणि त्या मागणीसाठी रस्त्यावर चालणारी माणसे यांच्या संख्येत नेहमीच मोठी तफावत असते. ज्यांची जमीन किंवा मजुरी पणाला लागलेली असते, त्यांतलेही बहुतेक घरीच राहतात. त्यांना प्रश्न कळत नाही किंवा त्यांच्यात धमक नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. दुखणे सगळ्यांचे सारखे असताना कोण निघतो आणि कोण थांबतो, हे बहुधा त्या दुखण्याबाहेरच्या गोष्टींवर ठरते.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये हा पेच नेमका मांडला. कर्जमाफी झालीच तर ती मोर्चात न गेलेल्यालाही मिळते. जाणाऱ्याचा मात्र रोज बुडतो, पायाला फोड येतात, गुन्हा दाखल होण्याची भीती असते. शिवाय हजारोंच्या गर्दीत एक माणूस कमी झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. या हिशेबाने शहाण्या माणसाने घरी थांबावे. हिशेबात चूक काढता येत नाही, तरीही मोर्चे निघतात. त्याचे कारण असे, की माणूस हा निर्णय एकट्याने बसून क्वचितच घेतो.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च हे याचे जवळचे उदाहरण. अखिल भारतीय किसान सभेच्या लाल टोप्या घातलेले हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाखल केलेले दावे वर्षानुवर्षे पडून होते. कित्येकांना कसत असलेल्या जमिनीपेक्षा फार कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला होता. पण रखडलेले वनदावे राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही होते, आणि तिथून असा मोर्चा निघाला नाही. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या तालुक्यांत वेगळी गोष्ट होती ती संघटनेची. ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा करणाऱ्या किसान सभेची या शेजारच्या डोंगरपट्ट्यात जुनी बांधणी होती. मार्च २०१६ मध्ये याच संघटनेने नाशिकमध्ये मोठा ठिय्याही दिला होता. त्यामुळे २०१८ मध्ये निघालेल्या अनेकांना हा रस्ता नवा नव्हता.

अशा ठिकाणी माणूस गावासोबत निघतो. गोळा केलेले धान्य आणि मोठी भांडी गाडीतून पुढे जातात, मुक्कामाला सगळ्यांचे एकत्र शिजते. गेलेला गावाला दिसतो, न गेलेलाही दिसतो. ओल्सनच्या हिशेबात न बसणारी लाज आणि आपुलकी इथे कामाला येते, आणि खर्चही एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. हंगामाचाही वाटा असतो. भात-नागलीच्या कोरडवाहू पट्ट्यात मार्चमध्ये स्वतःच्या शेतात मोठे काम नसते. हाच मोर्चा आवणीच्या दिवसांत निघणे फार अवघड गेले असते.

ओळखीच्या माणसांचे हे वजन अमेरिकेतही आढळले आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी शेकडो विद्यार्थ्यांनी अर्ज केले. जिवाला धोका होता. मोहिमेच्या सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॲडम यांनी पुढे ते जुने अर्ज काढून गेलेल्यांची आणि ऐनवेळी माघार घेतलेल्यांची तुलना केली. दोन्ही गटांचे विचार जवळपास सारखेच होते. गेलेल्यांचे जवळचे मित्र मात्र त्याच मोहिमेत अधिक होते आणि त्यांचा संघटनांशी आधीचा संबंधही दाट होता.

जिथे संघटनेवरच बंदी असते तिथे प्रश्न बदलतो: इतरांच्या मनात काय आहे हेच कळत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा असतो अशी कल्पना मांडली. कोणी पहिला निघतो, कोणी दहाजण दिसल्यावर, कोणी हजार दिसल्यावर. मधला एखादा दुवा तुटला तर तेवढ्याच संतापाचा जमाव जागच्या जागी विरतो. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये १९८९ च्या सप्टेंबरात निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर थोडे लोक रस्त्यावर येत होते. ९ ऑक्टोबरला ते सुमारे ७०,००० झाले. बीजिंगमध्ये जूनमध्ये झालेला गोळीबार सगळ्यांना ठाऊक होता, तरी त्या रात्री गोळी चालली नाही, आणि पुढच्या सोमवारी गर्दी आणखी वाढली. त्या काही आठवड्यांत राजवटीबद्दलचे मत फारसे बदलले नसावे. शेजाऱ्याचेही मत तेच आहे, हे उघड झाले.

मोर्चाचे रूपही उंबरठा खाली आणते. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चांत घोषणा नव्हत्या, पुढाऱ्यांची भाषणे नव्हती, मुली आणि स्त्रिया सर्वांत पुढे होत्या. ज्या घरांतून कोणी कधी मोर्चाला गेले नव्हते, तिथल्या बायकाही त्यामुळे निघू शकल्या. मुंबईत १९७० च्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनाने लाटणे हाती दिले, तेव्हाही स्वयंपाकघर आणि रस्ता यांतले अंतर असेच कमी झाले होते.

न जाणाऱ्यांची कारणेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवीत. २०२०-२१ मध्ये केंद्राच्या नव्या कृषी कायद्यांविरोधात दिल्लीच्या सीमांवर शेतकरी वर्षभर बसले, तेव्हा महाराष्ट्रातून पाठिंब्याचे जथे गेले, पण पंजाबसारखा उठाव इथे झाला नाही. पंजाब-हरियाणात गहू आणि भाताची सरकारी खरेदी हा शेतीचा कणा आहे. महाराष्ट्रात फळे-भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेर काढला गेला होता, आणि शरद जोशींच्या विचाराच्या शेतकरी संघटनेचा त्या कायद्यांना पाठिंबाच होता. शेतकरी हा शब्द एक असला तरी हित एक नव्हते. कंत्राटी कामगाराचे कारण आणखी वेगळे: एका दिवसाच्या गैरहजेरीत त्याचे काम जाऊ शकते. त्याच्या घरी थांबण्याला उदासीनता म्हणणे चूक आहे.

पाठिंबा आणि सहभाग यांच्या मधली जागाही मोठी आहे. २०१८ मध्ये दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेतकऱ्यांनी शेवटचा टप्पा रात्री चालून काढला. वाटेत मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाणे आणि चपला दिल्या. देणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे चालले असतील, पण त्यांच्यामुळे शहराची नजर बदलली आणि सरकारवरचा दबाव वाढला.

त्या वेळी सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. अंमलबजावणी रखडल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये शेतकरी पुन्हा निघाले आणि मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. न पाळलेले आश्वासन एकट्या माणसाला थकवते. तो पुढच्या वेळी घरी राहतो. जिथे गावात संघटनेची बैठक होते, दाव्यांचे कागद एकत्र ठेवले जातात, तिथे तेच आश्वासन पुढच्या मोर्चाचे कारण बनते. २०२३ मध्ये हे शेतकरी वाशिंदपर्यंत पोचले होते, आणि मागण्यांच्या यादीत वनजमीन तेव्हाही होती.