सेन्सॉरच्या टेबलावर

भिवंडीत न्यायमूर्ती दिनशा मादन यांचं नाव निघतं ते १९७०च्या दंगलीमुळे. त्या वर्षी ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत गाव पेटलं आणि चौकशीचं काम मादन आयोगाकडे आलं. त्याच मादनांनी पुढे आणीबाणीत काय केलं, हे मात्र आमच्या गावात कुणी फारसं सांगत नाही.

२५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर जयप्रकाश नारायण अटकेत होते आणि दिल्लीतल्या अनेक छापखान्यांची वीज तोडलेली होती. सत्ता हाती घ्यायला एक रात्र पुरली. पण एवढ्या मोठ्या देशाला रोज गप्प ठेवायचं, तर हजारो टेबलांवर कुणी ना कुणी लाल पेन्सिल घेऊन बसावं लागतं. आणि टेबलावरचा माणूस वरच्यांची मर्जी ओळखून हुकमाच्याही चार पावलं पुढे जातो. न सांगितलेलंही करून टाकतो. हुकूमशहाची खरी ताकद मला इथे दिसते.

मुंबईत मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर असाच अडवला गेला. मसानी उच्च न्यायालयात गेले, जिंकले; सेन्सॉरने अपील केलं. मादन आणि कानिया यांच्या खंडपीठाने १० फेब्रुवारी १९७६ला ते फेटाळलं. मादनांनी सेन्सॉरला त्याच्याच हुकमाची हद्द दाखवली. सरकारवर टीका केली म्हणून मजकूर कापता येत नाही, आणि सगळ्या वर्तमानपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं निकालात स्वच्छ लिहिलं.

त्या दिवसांत असं लिहायला छाती लागत होती. अडीचच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना कोर्टाचं दार बंद केलं. विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं.

आमच्या शाळा-कॉलेजांत मादनांचा हा निकाल आणि भिवंडीचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले जावेत, असं मला फार मनापासून वाटतं. भिवंडीच्या अहवालातही त्यांनी पोलिसांनी लिहून आणलेल्या तपासावर विसंबून न राहता त्यातला पक्षपात उघड नोंदवला होता.