घर आणि रंगभूमि

राहणें आणि दिसणें या दोन क्रिया एक होऊं शकतात काय, हा प्रश्न वरकरणीं शब्दच्छलाचा वाटेल. परंतु अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरांत २०१९ च्या डिसेंबरांत कांहीं तरुणांनीं एक मोठें घर घेऊन त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ‘हाइप हाउस’ हें त्या घराचें नांव. टिकटॉकवर क्षणभराच्या नृत्यांचीं व थट्टामस्करीचीं चित्रें प्रसिद्ध करून लक्षावधि अनुयायी मिळविलेलीं हीं मुलें. एकाच्या चित्रांत दुसरा दिसला कीं एकाचे चाहते दुसऱ्याचेही होतात, हें त्यांनीं ओळखलें होतें. मग सगळ्यांनीं एका छपराखालीं कां येऊं नये? आरंभीं मंडळांत १९ जण होते, पण कायम राहणारे चौघेच. बाकीचे येत, चित्रें घेत आणि जात. बहुतेकांच्या दृष्टीनें तें कामाचेंच ठिकाण होतें. फक्त त्यांत पलंग होते.

मार्च २०२० मध्यें महामारीनें निम्में जग घरांत कोंडलें. दुसऱ्याच्या घरांत डोकावण्यास यापेक्षां चांगली सवड कोणती? परंतु त्याच महिन्यांत डेझी कीच ही संस्थापकांतील तरुणी घराच्या मालकीच्या वादावरून बाहेर पडली, आणि मे महिन्यांत चार्ली व डिक्सी डॅमेलिओ या भगिनीही गेल्या. चार्लीला नोव्हेंबरांत टिकटॉकवर १० कोटि अनुयायी लाभले, तेव्हां ती त्या घराची राहिली नव्हती. जे सर्वांत मोठे त्यांनाच घराची गरज सर्वांत कमी, असा हा व्यवहार होता. ‘स्वे हाउस’ या दुसऱ्या अशाच मंडळांतील तरुणांनीं साथीच्या दिवसांत मेजवान्या झोडल्या, म्हणून ऑगस्टांत महापौरांनीं त्यांच्या बंगल्याची वीज तोडविली. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेंही मोडलें.

हीं मुलें खोटीं होतीं, त्यांची मैत्री नाटकी होती, असा आक्षेप पुष्कळ घेतात. मला तो पटत नाहीं. आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्याही एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि सोंग आणूनच पोट भरत. म्हणून त्यांतील स्नेह खोटा होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांचा पडदा पडत असे. पडद्यामागें झालेलें भांडण कितीही कडू असो, त्याला तिकीट नसे. आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं केलेला समेट हा समेटच आहे, हें दोघांनाही ठाऊक असे. हाइप हाउसमध्यें भांडणालाही प्रेक्षक आणि समेटालाही प्रेक्षक. दोहोंचें मोल किती जणांनीं पाहिलें यावर. अशा ठिकाणीं मित्राची क्षमा मागणाऱ्याला आपण ती कां मागतों आहों हें स्वतःशीं तरी सांगतां येईल काय? जगाला फसविणें ही लहान गोष्ट. जग फसल्याचें फसविणाऱ्याला निदान ठाऊक असतें. येथें मनुष्याच्या अंतःकरणाची त्याच्यापुरती साक्षच पुसट होते. आणि हें ज्यांच्या बाबतींत घडलें त्यांतील कित्येक अजून अज्ञान वयाचीं होतीं. पाहणारे आपण मात्र वयानें मोठे होतों.

जानेवारी २०२२ मध्यें नेटफ्लिक्सनें या घरावर मालिका काढली. तींत घराचा कारभार पाहणारा थॉमस पेट्रू भाड्याच्या विवंचनेंत दिसतो. घरांतले सोबती चित्रेंच करीत नाहींत, ही त्याची तक्रार. कंटाळण्याचीही सोय नसलेल्या घरांत सर्वजण कंटाळलेले होते, आणि तो कंटाळाही शेवटीं चित्रित होऊन विकला गेला. त्यानंतर त्या नांवाचा पूर्वीचा दबदबा उरला नाहीं.

तेथें कायम राहणाऱ्या चौघांपैकीं ॲलेक्स वॉरन आणि कूव्हर ॲनन यांनीं २०२४ मध्यें विवाह केला. त्यांचा स्नेह त्या घराच्याही पूर्वींचा होता. घरानें तो निर्माण केला असें म्हणतां येत नाहीं. तथापि इतकीं वर्षें कॅमेऱ्यापुढें राहूनही तो टिकला, हें माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूस मांडावेंच लागेल.