बेसिनमधला उजेड

समुद्रातले प्राणी चमकतात कसे, याचं उत्तर १८८७ पासून शास्त्रज्ञांना पाठ होतं. राफाएल दुब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने कातळ पोखरून राहणाऱ्या एका शिंपल्याच्या अर्कातून ते दाखवून दिलं होतं. जळणारा पदार्थ ल्युसिफेरिन, आणि ऑक्सिजनशी त्याची गाठ घालून देणारं विकर ल्युसिफेरेझ. दोघं भेटले की उजेड. उत्तर बरोबरच होतं, आणि अडचणही तीच. चुकीचं उत्तर आज ना उद्या उघडं पडतं. बरोबर उत्तर नको तिथेही ठाण मांडून बसतं.

१९६१च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला ओसामू शिमोमुरा एक्वोरिया नावाच्या जेलीफिशवर काम करत होते. तळहाताएवढी पारदर्शक छत्री, छेडली की कडेकडेने हिरवे ठिपके पेटणारी. ती कड कापायची, कापडातून पिळायची. पण ल्युसिफेरिन-ल्युसिफेरेझची जोडी काही सापडेना. शिमोमुरा म्हणाले, जोडीचा नाद सोडू. जे चमकतं तेच वेगळं काढू. प्राध्यापक फ्रँक जॉन्सन यांना ते पटेना. मग एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघांचे दोन मार्ग. शिमोमुरा होडी घेऊन पाण्यात जायचे आणि तिथे पडल्या पडल्या विचार करायचे. (असे तास संशोधनाच्या अहवालात कुठल्या रकान्यात भरायचे कोण जाणे!)

सुचलं ते साधं होतं. चमकणारं प्रथिन असेल, तर आम्लात ते थंडावेल. अर्क आम्लधर्मी केला, उजेड विझला. सोडा घालून आम्ल मारलं, तो परतला, पण मंद. उरलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळंभोर लखलखलं. मत्स्यटाकीतलं खारं पाणी त्याच बेसिनमध्ये पडत होतं, आणि त्यात कॅल्शियम होतं. एक्वोरिन हे प्रथिन इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही आधीच पोटात घेऊन बसतं, ठासून ठेवलेल्या बंदुकीसारखं. कॅल्शियम चिकटलं की बार उडतो. पुढे पेशीतलं कॅल्शियम हुडकायला हेच प्रथिन हाताशी आलं.

एक्वोरिन शुद्ध करताना आणखी एक हिरवं प्रथिन बाजूला निघत होतं. जेलीफिशच्या अंगात एक्वोरिनची निळी ऊर्जा घेऊन हिरवा उजेड देणारं तेच. १९६२च्या लेखात त्याची तळटिपेत बोळवण झाली. २००८चं नोबेल शिमोमुरांना, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासोबत, मिळालं ते या हिरव्या प्रथिनासाठी.